पाण्याचा हात

अमेरिकेत आल्यापासून मी गालिच्याविषयी वाईटच बोलत आलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवलेला गालिचा म्हणजे घाण लपवायची सोय, हे माझं ठाम मत होतं. जी जमीन पाण्यानं पुसता येत नाही, ती स्वच्छ कशी असेल? मराठी मंडळी जेवायला जमली की माझं भाषण ठरलेलं असे. हे लोक बूट घालून घरभर फिरतात, कुत्र्याला त्याच गालिच्यावर लोळवतात आणि आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवला की झाली म्हणे सफाई! सगळे हसत. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरीही गालिचाच असे. पण ते आपले. त्यांचा गालिचा मोजायचा नसतो.

जुनं मोटरहोम घ्यायचं ठरलं, ते ओहायोतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडून. फोर्डच्या ई-४५० चासीवर बांधलेलं, क्लास सी प्रकारातलं, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन ठणठणीत, टायर बरे. आत मात्र मळकट हिरव्या रंगाचा गालिचा. गाडी आमच्या अंगणात आली, मी दार उघडलं आणि बायकोला म्हणालो, "वास येतोय. यांचा वास." तिनं हुंगून बघितलं. म्हणाली, "बंद खोलीचा येतो तसा येतोय."

मला पटलं नाही. आम्ही या देशात नवे होतो तेव्हा अपार्टमेंटच्या मॅनेजरनं जिन्यात चिठ्ठी लावली होती, स्वयंपाकाच्या वासाबद्दल. नाव कोणाचं नव्हतं, पण त्या मजल्यावर फोडणी फक्त आमच्याकडे पडत असे. तो अपमान मी आजही रंगवून सांगतो. आणि तरीही 'यांचा वास' हे शब्द माझ्या तोंडून सहज गेले, आपण काय बोलतोय हे त्या वेळी कानांनाही जाणवलं नाही.

गालिचा काढून विनाइलच्या फळ्या बसवायच्या, हे मी गाडी बघायला गेलो त्याच दिवशी ठरवलं होतं. खरं लाकूड नको. मोटरहोम उन्हाळ्यात बंद राहिलं की भयंकर तापतं आणि हिवाळ्यात गोठतं, लाकडाला ते सोसत नाही. सिरॅमिक टाइल जड, शिवाय चालत्या गाडीच्या हेलकाव्यांनी तिला भेगा जातात. एकमेकींत खटकन अडकणाऱ्या विनाइलच्या फळ्या त्यातल्या त्यात बऱ्या. वजन चौरस फुटाला दोन पौंडांच्या आसपास. त्या खाली चिकटवायच्या नाहीत, नुसत्या अंथरलेल्या ठेवायच्या आणि चारी कडांना पाव इंच फट सोडायची, उन्हानं फुगल्या तर जागा हवी म्हणून. फटीवर लाकडी पट्टी मारली की दिसत नाही. या फटीकडे लक्ष असू द्या, पुढे तिच्याशी काम आहे.

मोटरहोममधला गालिचा घरातल्यासारखा ओढून निघत नाही. अमेरिकेतली अशी बरीच वाहनं इंडियानातल्या एल्खार्टच्या परिसरात तयार होतात. कारखान्यात आधी जमीन तयार करतात, तिच्यावर गालिचा अंथरतात आणि कपाटं, सोफा, भिंती त्यानंतर चढवतात. त्यामुळे गालिच्याच्या कडा सगळ्याच्या खाली अडकलेल्या असतात. कपाटाच्या पायथ्याशी कटर धरून कापत जायचं, आणि मग उरतात स्टेपलच्या पिना. शेकड्यांनी. गुडघ्यांवर बसून पक्कडीनं एकेक उपटायची, तुटकी राहिली तर हातोडीनं आत ठोकायची. ठोकली नाही तर ती नव्या फळीला खालून टोचत राहते.

कामाला लागलो तेव्हा माझा अवतार बघण्यासारखा होता. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, पायात अंगणातल्या चिखलानं भरलेले बूट. आत शिरण्याआधी मी गालिच्यावर जंतुनाशक फवारलं होतं. जो गालिचा थोड्याच वेळात कापून फेकायचा आहे, त्यावर जंतुनाशक! कशासाठी, हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

आणि नेमक्या त्याच सकाळी बाई आल्या. गाडीची कागदपत्रं आणि बाहेरचं कापडी छप्पर (ऑनिंग) ओढायचा दांडा त्यांच्या गॅरेजमध्ये राहून गेले होते, ते द्यायला. मी आतूनच "या" म्हणालो. त्या पायरीवर थांबल्या. एका हातानं दाराची मूठ धरली, वाकल्या आणि सावकाश, वयानं लागतो तेवढा वेळ घेत, आधी एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही पायरीच्या कडेला जोडून ठेवले आणि मोज्यांनी आत आल्या.

मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मग माझी नजर माझ्या पायांकडे गेली. माझ्या बुटांचे ठसे दारापासून सोफ्यापर्यंत उमटले होते. त्या बाईंनी ते पाहिले की नाही, माहीत नाही. निदान दाखवलं तरी नाही. नव्वद टक्के गालिचा अजून जागेवर होता, त्यामुळे त्यांना तो अजून आपलाच वाटत असावा. "सवय हो," त्या म्हणाल्या, "आम्ही आत कधी बूट घातलेच नाहीत. पहाटे उठल्यावर पाय गार पडतात, म्हणून हा गालिचा." मग त्यांनी ड्रायव्हरच्या शेजारच्या उंचवट्याकडे बोट केलं. "त्यावरचा तेवढा काढू नका. खाली इंजिन आहे. तापतं, आणि मग गाडीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही."

मी तो उंचवटाही सोलायला निघालो होतो.

त्या गेल्यावर मी लगेच कामाला लागलो नाही. दांड्यासोबत त्यांनी एक फाइल दिली होती, ती उघडली. नवऱ्याच्या अक्षरातल्या नोंदी: तेल बदललं, छताच्या सांध्यांना नवं सीलंट लावलं, गालिचा शॅम्पू केला. छताची नोंद दर वर्षी आणि पुढे एकाएकी कोरं. बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, नवरा आजारी पडला आणि मग गेला, तेव्हापासून शिडी कोणी लावली नाही.

दुपारी उरलेला गालिचा निघाला. खालचा फोम जवळजवळ कोरा होता. फक्त पुढच्या पलंगाखालच्या एका कोपऱ्यात प्लायवुड काळं आणि मऊ पडलं होतं. क्लास सी गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. पलंगाच्या पुढच्या सांध्यातून पावसाचं पाणी झिरपतं आणि भिंतीच्या आतून खाली उतरतं. बंद खोलीचा वास तिथला होता. गालिच्यानं काहीतरी लपवलं होतं, हे माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. फक्त जे लपलं होतं ते पाणी होतं.

त्या रात्री मला गालिचा आठवला नाही, आजी आठवली. मिरजेच्या आमच्या घरी ओटीवर शहाबादी फरशी होती. गवऱ्या विकायला येणाऱ्या बाई त्या ओटीच्या कडेला टेकत, हिशेब होई, चहा वेगळ्या कपात दिला जाई आणि त्या फाटकाबाहेर पडल्या की आजी तिथे पाण्याचा हात फिरवी. रागानं नव्हे, चेहऱ्यावर काहीच नसे. घटनेनं अस्पृश्यता १९५० सालीच नष्ट केली होती. आमच्या ओटीवर ती ऐंशीच्या दशकातही रोज सकाळी पाळली जात होती, आणि आम्ही तिला स्वच्छता म्हणत होतो. मी शिकलो, वाचलं, त्या घराबद्दल चारचौघांत लाज व्यक्त केली. आणि जंतुनाशकाची बाटली घेऊन एका विधवेच्या गालिच्यावर हात फिरवला. माणसं बदलली होती, हात तोच होता.

हे लिहिताना मला एक पळवाट दिसते आहे. गोऱ्या अमेरिकन बाईबद्दल माझ्या मनात काही असलं, तर त्यानं तिचं काय बिघडणार? त्या गवऱ्यावाल्या बाईंचं मात्र आयुष्य बिघडत होतं. फरक खरा आहे, फार मोठा आहे. पण मी स्वतःला तपासत असेन, तर ती मुभा घेता येणार नाही.

फळ्या बसल्या. देखण्या दिसल्या. इंजिनावरचा गालिचा तेवढा ठेवला, आणि बाईंचं खरं होतं: लांबच्या प्रवासात आम्ही एकमेकांशी बोलू शकतो. पण मन बदललं म्हणून सवय थोडीच बदलते? प्रत्येक सहलीत सकाळी मी बादली भरून आतली जमीन खसाखसा पुसायचो. फळ्यांना पाण्यानं काही होत नाही. पाणी कडेला जायचं, पट्टीखालच्या त्या पाव इंचात उतरायचं आणि तिथेच मुरायचं. आमच्या गाडीची जमीन म्हणजे वर-खाली पातळ प्लायवुड आणि मध्ये फोम. आत गेलेल्या पाण्याला सुकायला वाट नाही. एके दिवशी दारापाशी पाऊल दबलं. फळ्या उचलल्या, तर खाली तसंच काळं, मऊ पडलेलं प्लायवुड आणि तोच वास. बायकोनं हुंगलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही.

तो तुकडा कापून नवा बसवला. त्या बाईंचा दिवाळीच्या सुमारास फोन येतो, गाडी कशी आहे विचारतात. दारापाशी काय झालं ते मी त्यांना सांगितलं, जंतुनाशकाचं अजून सांगितलेलं नाही.

जुनं मोटरहोम घ्यायला निघाला असाल, तर गालिच्याचा वास घेण्याआधी शिडी लावून छत बघा. पुढच्या पलंगाखालचे कोपरे अंगठ्यानं दाबून बघा. आणि विनाइलच्या फळ्या बसवल्यात, तर बादली बाहेरच ठेवा आणि फडकं घट्ट पिळून घ्या.