उपाशी बाईची पाळी

आमची आजी सुईण. गावातल्या निम्म्या पोरांना पहिला हात तिचा लागला. रात्री तो हात चालायचा, दिवस उजाडला की त्याच हाताचं पाणी बाटायचं. हे दोस्तहो, तुम्हाला नवं नाही. मला सांगायचंय ते तिच्या नजरेबद्दल.

बाई दाराशी आली की आजी विचारायची, "शिवून किती दिस झाले गं? तव्यावरच्या भाकरीचा वास सोसतो का? छाती दुखती का? सारखं लघवीला जावं लागतं का?" या खुणा खोट्या नव्हेत, आजचे डॉक्टरही त्याच विचारतात. पण खुणा म्हणजे पुरावा नव्हे. आजीच म्हणायची, "उपाशी बाईची पाळी खोटं बोलती."

1972 च्या दुष्काळात आमच्या बाया खडी फोडत होत्या. पोटात अन्न नाही, अंगात रगत नाही. अशा बाईची पाळी दिवस गेले नसतानाही महिनोन् महिने चुकते. उलट अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी न येताच दिवस राहतात. मग कळायचं कधी? पाचव्या महिन्यात, पोटात पोर हललं की. तोवर डोईवर पाटी होतीच.

आता लोक लघवीत साखर टाकतात, मीठ टाकतात, पेस्ट कालवतात आणि फेस बघतात. पेस्टमधल्या खडूवर आम्ल पडलं की फेस येतो. पुरुषाच्या लघवीनंही येतो! यात काही कळत नाही. गर्भ रुजल्यावर शरीरात एचसीजी नावाचं द्रव्य तयार होतं, ते लघवीत उतरतं. पट्टी तेवढंच ओळखते. पाळीची तारीख टळल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीत बघावं. दोन रेघा म्हणजे दिवस गेले. एकच रेघ आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्यानं पुन्हा बघावं. ही पट्टी आशाताईकडं मिळते.

1928 साली बाबासाहेब मुंबईच्या कायदे मंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. 1929 ला कायदा झाला. गिरणीतल्या बाईला हक्क मिळाला. उचल घेऊन फडात उतरलेल्या बाईला अजून रजा नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात. तिला लवकर कळलं तर गोळ्या लवकर सुरू होतील, जड मोळी दुसऱ्याच्या डोक्यावर जाईल. आणि पोर नको असेल तर 1971 च्या कायद्यानं दवाखान्याचा रस्ताही लवकर धरता येईल.

पण आधी कळायचं कुणाला? सासू दिवस मोजते, मुकादम हात मोजतो. बाईला स्वतःला सगळ्यांच्या आधी कळलं पाहिजे, आणि पुढं काय ते तिनं ठरवलं पाहिजे.

मोर्चात आपला आवाज फाटेस्तोवर चढतो. घरात बायकोच्या पाळीचा विषय निघाला की आपण उठून बाहेर जातो. या रविवारी विहारात आशाताईला बोलवा. पोरंही बसू द्या.