तुळईला टांगलेलं घर

गिरगावातल्या आमच्या खोलीचं माप विचारलं, तर घरातलं सर्वांत लहान पोरही ‘१० बाय १२’ म्हणून सांगायचं. उंची कुणी विचारत नसे. ती ११ फूट होती, आणि आम्हा ९ माणसांचा संसार तिच्यामुळेच त्या खोलीत मावला. माणसं जमिनीवर राहायची, संसार वर टांगलेला असायचा.

खोलीच्या मधोमध सागवानी तुळई आडवी गेली होती. तिच्यावर हात-दीड हाताच्या अंतराने कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजे आमचं छत तीच वरच्या बिऱ्हाडाची जमीन. कडीपाट म्हणतात तो हाच. लाकडाची कडी आणि लोखंडाची कडी हे दोन्ही शब्द आम्ही अंथरुणावर पडून त्या एकाच छताकडे बघत शिकलो.

तुळईला लोखंडी कड्या ७ होत्या आणि कोणती कशाची हे ठरलेलं होतं. मोरीकडची पहिली शिंक्याची. तिच्यात दुधाचं पातेलं आणि विरजण. दुसरी एके काळी कंदिलाची, पण आमच्या आठवणीत तिथे कायम कांद्या-लसणाच्या जुड्या. मग झोपाळ्याच्या दोन, त्यांच्या मधली पाळण्याची, आणि दाराजवळच्या दोन कड्यांत दादाची सायकल, चाकं वर. झोपाळा आणि पाळणा एकाच वेळी लागत नसत, तेवढी जागाच नव्हती. त्यामुळे झोपाळा उतरवून पाट भिंतीला उभा केला, की घरात बाळ येणार हे आम्हा पोरांना मोठ्यांनी न सांगताच कळायचं. मग माळ्यावरून पाळणा निघायचा, आजी चिंध्यांनी त्याच्या लाकडी गराद्या पुसायची, आणि रंग उडालेल्या पोपटांचं चिमणाळं त्याच्यावर पुन्हा बांधलं जायचं. त्या चिमणाळ्यातला एक पोपट बिनचोचीचा होता. आमच्यातल्या प्रत्येकाने बाळ असताना त्याच पोपटाकडे टक लावून पाहिलेलं आहे.

छताच्या कडेने बांबूच्या दोन दांड्या होत्या. त्यांच्यावर कपडे वाळत घालणं ही काकूची कला. पिळलेली नऊवारी चौपदरी करून ती काठीच्या टोकावर घ्यायची, एका झटक्यात दांडीवर टाकायची आणि मग त्याच काठीने एकेक पदर सरकवत ती सगळी नऊवारी वरच्या वर पसरायची. हात जमिनीपासून ५ फुटांवर, लुगडं १० फुटांवर, आणि तोंडाने आमच्यापैकी कुणाचा तरी पाढा घेणं चालू. पावसाळ्यात त्या ओल्या कपड्यांचं दुसरं छतच व्हायचं. जेवताना ताटात थेंब पडला तर तो पावसाचा की आजोबांच्या धोतराचा, हे आम्ही वासावरून सांगायचो.

झोपाळ्याच्या साखळ्या पितळेच्या होत्या. प्रत्येक साखळीत वरच्या बाजूला एक जादा आकडा होता. रात्री अंथरुणं घालायच्या आधी काका आणि दादा पाट दोन्ही बाजूंनी उचलायचे, साखळीची खालची कडी त्या वरच्या आकड्यात अडकवायचे, आणि झोपाळा साडेपाच फुटांवर जायचा. त्याच्याखाली आमची तीन अंथरुणं. सकाळी तो पुन्हा खाली यायचा, आजोबा बसले की त्यांचे तळवे जमिनीला टेकतील एवढा. आजोबा गेल्यावर तिने तो दोन कड्यांनी आणखी खाली घेतला. गुडघे दुखतात म्हणाली. पण त्या झोपाळ्यावर आजोबा बसायचे तेव्हा ती कधी बसलेली आम्हाला आठवत नाही, आणि पाय टेकवून बसायची सवय तिला तेव्हाच झाली असावी, असं मला आता वाटतं.

लाकूड भिंतीत जातं तिथे कुजतं. आमच्या तुळईचं एक टोक मोरीलगतच्या भिंतीत होतं आणि त्या भिंतीने साठ-सत्तर वर्षं पाणी प्यायलं होतं. एका श्रावणात वरच्या मजल्याची जमीन आमच्या शिंक्याच्या बाजूला कलली. चाळ १९४० च्या पुष्कळ आधीची, म्हणजे उपकराच्या हिशेबात ‘अ’ वर्गातली. असल्या इमारतींची दुरुस्ती १९६९ च्या कायद्याने आलेल्या मंडळाकडे असायची. इंजिनिअर आले, त्यांनी तुळईच्या टोकात सळई खुपसली आणि ती लोण्यात गेल्यासारखी बोटभर आत गेली. खोलीच्या मधोमध दोन टेकू लागले. ते टेकू ७ महिने राहिले. आम्ही त्यांच्याभोवती खांब-खांब खेळायचो आणि मोठी माणसं त्यांच्याकडे बघायचं टाळायची.

तुळई काढून लोखंडी गर्डर टाकायचं ठरलं. आजीने इंजिनिअरना एकच विचारलं, “आणि माझ्या कड्या?”

ते म्हणाले, “आजी, गर्डरला भोक पाडायचं नाही. डागही द्यायचा नाही. कड्या विसरा.”

ते बरोबरच सांगत होते. वरून भार आला की गर्डर नकळत खाली वाकतो, त्याची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सगळ्यांत जास्त ताण मधोमध, म्हणजे नेमका झोपाळ्याच्या जागी. तिथेच खालच्या पट्टीला भोक पाडणं म्हणजे ताणलेल्या कापडाला कातरी लावणं. हे आम्हाला काकांनी समजावलं, तेही आजीच्या लुगड्याचा काठ दोन हातांत ताणून धरून.

काका गिरणीत फिटर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हापासून ते घरी होते. दोन-अडीच लाख माणसांच्या हातांना त्या वर्षी काम नव्हतं आणि त्यातले दोन हात आमच्या खोलीत होते. सकाळी ६ ला उठून दाढी करून ते बसून राहायचे. कड्यांची गोष्ट निघाली आणि त्या हातांना काहीतरी मिळालं.

गर्डरला भोक पाडायचं नसेल तर त्याला धरायचं. खालच्या पट्टीच्या दोन्ही कडा दोन बाजूंनी पकडणारे दोन जबडे आणि त्यांना एकमेकांकडे ओढणारा आडवा बोल्ट. बोल्टाच्या मधोमध एक डोळा, त्यात झोपाळ्याची कडी. अडचण एकच होती. ठेकेदार एकदा सहा इंची गर्डर येणार म्हणायचा, एकदा आठ इंची. सहा इंचीची पट्टी ८० मिलिमीटर रुंद, आठ इंचीची १००, आणि वेळ पडली तर दहा इंचीची १२५. काका म्हणाले, “मग तिन्हींना बसेल असंच करू.” म्हणून बोल्ट लांब ठेवला आणि त्याला टोकापासून मधल्या डोळ्यापर्यंत आटे पाडून घेतले. नट फिरवला की जबडे जवळ येणार, सोडला की लांब जाणार.

तीन सूत जाडीची पट्टी त्यांनी एका ओळखीच्या लोहाराच्या भट्टीत स्वतः वाकवून आणली. सहा सुती बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आले, तिथे नट-बोल्ट वजनावर मिळायचे. आटे व्हिटवर्थचे, कारण गिरणीतली यंत्रं विलायती आणि काकांच्या बोटांना तेच आटे ओळखीचे. “इंचाला १० आटे,” ते आम्हाला सांगायचे, “म्हणजे १० फेरे दिलेस की जबडा १ इंच सरकला. पट्टी हातात घ्यायची गरज नाही, फेरे मोजायचे.” असे ५ क्लॅम्प झाले. आजीने पहिला हातात घेतला, त्याचे दोन आकडे बघितले आणि म्हणाली, “हा तर खेकडा.” त्या दिवसापासून आमच्या घरात क्लॅम्प हा शब्द कुणी वापरला नाही.

गर्डर आठ इंची आला. जॅक लावून वरचा मजला केसभर उचलला, सागवान काढलं, लोखंड सरकवलं. ताज्या रेड ऑक्साइडचा वास खोलीत महिनाभर होता. काकांनी दोन खेकडे बसवले, झोपाळा लावला आणि आम्हाला दाराबाहेर उभं करून आधी स्वतः बसले. तिसऱ्या झोक्याला ‘कट्’ असा आवाज झाला आणि डावा खेकडा सूतभर सरकला.

काका खाली उतरले. आजीचा चेहरा उतरला होता, पण काका मात्र गिरणी बंद झाल्यापासून पहिल्यांदाच खुशीत दिसले. स्टुलावर चढून त्यांनी पट्टीच्या आतल्या अंगावर अंगठा फिरवला. ती सपाट नव्हती. कडेला पातळ आणि मधल्या पत्र्याकडे जाड होत जाते, म्हणजे आतून उतार असतो. झोका गर्डरला आडवा जायचा, एकदा या जबड्यावर भार, एकदा त्या जबड्यावर, आणि सपाट जबडा उतारावरून घसरायचा. वजनही नुसतं माणसाचं नसतं. झोका ६० अंशांपर्यंत चढवला तर तळाशी येताना साखळीवर दुप्पट भार येतो, आणि पार आडवा नेला तर तिप्पट. चार दिवस काका दारात बसून कानशीने जबड्यांचा कोन घासत होते. घासायचं, वर चढून लावून बघायचं, खडूची भुकटी कुठे पुसली गेली ते पाहायचं, पुन्हा खाली येऊन घासायचं. जबडा उतारावर सगळीकडून टेकला तेव्हा त्यांनी प्रत्येक नटामागे एक चेकनट चढवला, म्हणजे हादऱ्याने तो सैल होणार नाही. मग पाटावर पाण्याने भरलेले डबे रात्रभर ठेवले. सकाळी आजीला हात धरून बसवलं.

आजी बसली, पाय टेकले. “थोडा वर घे रे,” एवढंच म्हणाली. आजोबांच्या उंचीवर.

संप जाहीरपणे कधी मिटला नाही. काकांची गिरणी उघडली, पण त्यांना परत घेतलं नाही. पुढे त्यांनी एका कारखान्याच्या दारावर रखवालीचं काम केलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र तेलाची बुधली आणि पान्हा घेऊन ते स्टुलावर चढायचे. डोळ्यात दोन थेंब, बोल्टावर दोन थेंब, चेकनट तपासायचा, फडक्याने पुसायचं. देखभाल करण्याजोगं यंत्र त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

त्या खेकड्यांना आत्याच्या दोन्ही मुलींचा पाळणा लागला, दादाच्या मुलाचा लागला, आणि शेवटी माझ्या मुलीचा. तोपर्यंत शिंकं जाऊन फ्रीज आला होता आणि सायकल विकली होती. बारशाला काका ७० च्या पुढे होते. बायका नाव ठेवायला जमल्या तरी ते पाळण्याजवळून हलेनात. सगळ्यांसमोर त्यांनी दोन्ही हातांनी साखळीला लोंबून पाहिलं आणि मगच बाळाला पाळण्यात ठेवू दिलं.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा काका नव्हते. नव्या घराला स्लॅबचं छत, खाली पांढरं पीओपी. तुळई आहे, पण भिंतीच्या रेषेत दडलेली. आता झोपाळे स्वतःचा लोखंडी स्टँड घेऊन येतात, आणि त्या स्टँडलाच निम्मी बाल्कनी जाते. घराने वरून काही धरून ठेवावं ही अपेक्षा आमच्या पुढच्या पिढीला नाही. मला त्याचं वाईट वाटतं. टांगलेल्या वस्तूखाली झोपलेल्या माणसाचा वरच्या कडीवर एक विश्वास बसतो, आणि ती कडी बसवणाऱ्या माणसावरही.

खोली रिकामी करताना आम्ही भावंडांनी पाचही खेकडे उतरवले. वाटणी केली नाही. सगळे चिपळूणला चुलत भावाकडे गेले, कारण त्याने परसात आंब्याच्या पेट्या ठेवायला पत्र्याची शेड घातली आहे आणि तिच्या आढ्याखाली गर्डर आहे. पाचही वर्षानुवर्षं त्याच्या माळ्यावर पडून होते. गेल्या मे महिन्यात त्याला नात झाली, तेव्हा तो फोनवर म्हणाला, “पाळणा शेडमध्ये लावू. उन्हाचं घरापेक्षा तिथे बरं वाटतं. तुम्ही सगळे या.”

त्याचा गर्डर सहा इंची. खेकडा शंभरावर उघडलेला होता, तो ८० वर आणायचा होता. १९८२ नंतर तो नट शंभराच्या आत कधी गेलेला नव्हता. रात्रभर रॉकेलमध्ये भिजवला, सकाळी चेकनट सैल केला, मग दादाने पान्हा लावला. आधी काहीच झालं नाही. मग एक बारीक किरकिर झाली आणि नट फिरला. आत्या तिथेच खुर्चीत बसली होती, ८१ वर्षांची. तिने मोजायला सुरुवात केली. तिच्यामागून आम्ही सगळे मोजू लागलो. नट पुढे जात होता तसे त्याच्यामागे इतकी वर्षं झाकलेले आटे एकेक करून उघडे पडत होते, काकांच्या तेलाने अजून काळपट चकचकीत. आठव्या फेऱ्याला जबडे पट्टीवर टेकले, उतारावर पूर्ण, कुठेही फट न ठेवता.

दादाने चेकनट आवळला, साखळीला दोन्ही हातांनी लोंबून पाहिलं, आणि म्हणाला, “आणा तिला.”