सरळ पट्ट्यावरची हुशारी

ट्रॅक-डेच्या वरच्या गटात जायला आपण लायक झालो आहोत असं मी ठरवलं, तेव्हा माझ्याकडे एकच पुरावा होता: मागे टाकलेल्या गाड्या. तो पुरावा माझ्या गाडीचा होता, हे कळायला बराच वेळ जावा लागला आणि थोडी शोभाही व्हावी लागली.

ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे आणि रेसिंगच्या ट्रॅकवर दिवसभर आपली मोटरसायकल चालवायची. आरसे काढायचे किंवा चिकटपट्टीनं झाकायचे, अंगात लेदर सूट घालायचा. अनुभवाप्रमाणे तीन गट पाडतात: नवखे, मधले आणि तरबेज. एक गट पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनसाठी ट्रॅकवर, तोवर बाकीचे दोन सावलीत. बक्षीस कुणालाच नसतं, त्यामुळे मिरवायला उरतो तो फक्त गट. नवख्यांचा स्टिकर हेल्मेटवर घेऊन चहाच्या रांगेत उभं राहणं मला जड जायचं. ताम्हिणी, वरंध घाटांत इतकी वर्षं गाडी चालवलेली बाई मी!

ट्रॅक होता ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट: 5.125 किलोमीटर लांबी, 16 वळणं. तिसरं वळण संपलं की किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा लागतो. माझी गाडी 948 सीसीची कावासाकी झेड 900. गटात बहुतेकांकडे केटीएम आरसी 390, यामाहा आर15. त्या पट्ट्यावर मी थ्रॉटल पिळला की पुढचे एकेक करून मागे जायचे आणि माझी मान ताठ व्हायची. चिंचवडचा एक मुलगा मात्र आरसी घेऊन प्रत्येक वळणात माझ्या मागच्या चाकाला येऊन चिकटायचा. आपल्याच चाकणच्या कारखान्यात बनणारी 373 सीसीची गाडी! मला वाटायचं, पोरगं आगाऊ आहे. दुपारी जेवताना मी त्याला तसं हसत हसत म्हटलं. तो म्हणाला, "ताई, सरळात तुमची गाडी मला पास करते. वळणात तुम्ही आडव्या येता."

एवढं ऐकूनही मी संध्याकाळी मधल्या गटासाठी नाव दिलं. आयोजकांनी विचारलं, "आधी किती वेळा चालवलंय?" मी उत्तरात थोडी भर घातली.

पुढच्या वेळी मधल्या गटात पहिल्याच सेशनला जे झालं, त्याचं मूळ घाटात होतं. घाटात समोरून कधीही एसटी येईल या हिशेबानं आपण चालवतो. वळणात शिरल्यावरही बोटं ब्रेकवर आणि थ्रॉटल अर्धवट. ती सवय रस्त्यावर जीव वाचवते. ट्रॅकवर ब्रेकचं मुख्य काम वळणाआधी उरकायचं असतं, आणि गाडी झुकली की थ्रॉटल हळूहळू, न तोडता उघडत न्यायचा असतो. दहावं-अकरावं वळण म्हणजे उजवीकडे जाणारा लांबच लांब वळसा. त्याच्या मध्यावर डावीकडून इंजिनचा आवाज आला. मी दचकले, थ्रॉटल सोडला आणि पुढचा ब्रेक दाबला. झुकलेल्या गाडीला ब्रेक लावला की ती उभी राहू बघते आणि वळायचं सोडून रुंद जाते. माझी तशीच गेली, नेमकी त्या आवाजाच्या दिशेला. बाहेरून जाणाऱ्याला ट्रॅकची कड सोडावी लागली. दोघंही पडलो नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांनी 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' या 1983 सालच्या पुस्तकात चालवणाऱ्याच्या लक्षाला दहा डॉलरच्या नोटेची उपमा दिली आहे. जवळ तेवढेच पैसे. एका गोष्टीवर जास्त खर्च झाले तर दुसरीला उरत नाहीत. माझे नऊ डॉलर गाडी वळवण्यातच संपत होते. मागून-बाजूनं येणाऱ्यांसाठी उरलेल्या एकात भागत नव्हतं. त्यात मी मोठेपणानं वाट द्यायला म्हणून मध्येच आपली लाइन, म्हणजे वळणातला धरलेला मार्ग, सोडून बाजूला व्हायचे, आणि ते सगळ्यात घातक. पुढे जाण्याची जबाबदारी मागच्याची असते. पुढच्यानं फक्त आपली लाइन धरून राहायचं. मी बाजूला सरकले की मागच्यानं बांधलेला अंदाजच मोडायचा.

दुपारी मी आपणहून खाली आले, आणि तिथून दुसरी चूक सुरू झाली. ही जास्त काळ टिकली, कारण हिला नम्रतेचं रूप होतं. वळणं सुधारली, ब्रेक लावायच्या जागेची खूण पक्की झाली, तरी मी नवख्यांतच राहिले. कुणी विचारलं की म्हणायचे, "अजून शिकतेय." खरं तर तिथे सगळ्यांत पुढे असणं मला आवडायला लागलं होतं. सरळ पट्ट्याच्या शेवटी मी 200 वर आणि समोरचा 160 वर असेल, तर आमच्यातलं अंतर दर सेकंदाला 11 मीटरनं घटतं. ब्रेक कुठे लावायचा याच विवंचनेत असलेल्या नवख्याच्या शेजारून त्या फरकानं जाणं म्हणजे त्याला हादरवणं. एकदा वळणात आतून एकाच्या इतक्या जवळून गेले, की मार्शलनं काळा झेंडा दाखवून मला पिटमध्ये बोलावलं. प्रशिक्षक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, तो आज पहिल्यांदा आलाय. आणि तुम्ही?"

त्यानंतर मी मोजायच्या गोष्टी बदलल्या. किती जणांना मागे टाकलं हे मोजत नाही; कुठे अडले ते बघते. सरळ पट्ट्यावर अडले तर तो इंजिनांचा फरक. वळणांत, सेशनमागून सेशन, पुढच्यासाठी थ्रॉटल रोखून धरावा लागत असेल, तर गट बदलायची वेळ झाली असू शकते. दुसरं, कुणी जवळून गेल्यावर माझा हात थ्रॉटलवर थरथरतो का? तिसरं, शेवटच्या फेऱ्यांत, दमल्यावरही ब्रेकची खूण तीच राहते का? चौथं, धोक्याचा पिवळा झेंडा मला दिसतो का, की नंतर कुणी सांगितल्यावर कळतो? झेंडा निसटत असेल तर लक्षाचे पैसे अजून वळणातच संपताहेत.

आणि पाचवं म्हणजे हा निकाल आपला आपण द्यायचा नाही. आता मी प्रशिक्षकांना एक सेशन माझ्या मागून यायला सांगते. ते वेग बघत नाहीत. पुढच्या क्षणाला मी कुठे असेन याचा अंदाज त्यांना मागून बांधता येतो का, तेवढंच बघतात. या कसोटीवर मी मधल्या गटात परत गेले. मागच्या खेपेला तरबेजांच्या गटाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "डाव्या वळणांत अजून नाही." डावी वळणं मला कधी खटकलीच नव्हती. पुढचं बुकिंग मी मधल्याच गटाचं केलंय.