नेकनूर ते कुरुक्षेत्र

बीडहून केजकडे जाताना मांजरसुंब्याचा फाटा मागे पडला, की थोड्या वेळाने नेकनूर लागते. आठवडी बाजार आणि बंकटस्वामींचा मठ यांमुळे आमचे गाव पंचक्रोशीला ठाऊक. गावात नाट्यगृह नाही; पण महाभारत मी वाचण्याआधी ऐकले ते इथेच, कीर्तनात, सतरंजीवर पेंगत पेंगत. बुवांच्या खांद्यावरचे उपरणे घटकेत द्रौपदीचा पदर होई, घटकेत भीमाची गदा.

२०१६ साली पॅरिसच्या पीटर ब्रूक यांचे ‘बॅटलफील्ड’ हे इंग्रजी नाटक मुंबईला नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये पाहुणे म्हणून आले. विषय महाभारताचाच. मी रात्रीची एसटी पकडली. खरे सांगायचे तर मनात कुतूहलापेक्षा अढीच अधिक होती. याच ब्रूकसाहेबांनी १९८५ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे, दगडाच्या खाणीत, नऊ तासांचे महाभारत उभे केले होते. आमची पोथी परक्यांनी उचलून नेली, अशी टीका त्यावर आपल्याकडे झाली, आणि वर्गात मीही तिचीच री ओढत आलो होतो. आता नव्वदीचा हा गृहस्थ आमचीच पोथी आमच्या दारी आणून आम्हांला सांगणार तरी काय?

रंगमंच जवळजवळ रिकामा. चार नट, काही रंगीत कापडे, थोड्या काठ्या आणि तोशी त्सुचितोरी या जपानी वादकाचा ढोल. खेळ जेमतेम सव्वा तासाचा. युद्ध संपले आहे, आणि प्रेतांच्या राशींमधून धर्मराजाला सिंहासनाकडे जायचे आहे. नटांच्या हातातले कापड हवे ते रूप घेऊ लागले तसा मी सावरून बसलो. अहो, हे तर बुवांचे उपरणे!

मग अनुशासनपर्वातली गोष्ट आली. मूल सर्पदंशाने मेलेले. साप म्हणतो, मी मृत्यूचा चाकर; मृत्यू बोट दाखवतो काळाकडे. या नटसंचातील कॅरोल करेमेरा आणि एरी न्झारांबा यांचे मूळ रवांडाचे. १९९४ साली त्या देशात लाखो माणसे कापली गेली. धर्मराजाचा प्रश्न ज्यांच्या घरात शिरला, त्यांना ही पोथी परकी कशी म्हणावी? माझी अढी तिथेच सुटली.

गावी परतलो, तो आत्या ओट्यावर शेंगा फोडीत बसली होती. तिचा एकुलता मुलगा तुरीच्या रानात पान लागून गेला, त्याला तीस वर्षे झाली. ती गोष्ट तिला सांगावी की नाही, या विचारात मी घुटमळलो. शेवटी सांगितली.

तिचा हात थांबला.

“मंग त्या मायनं सापाला मारलं का रं?”

“नाही. गोष्टीत ती सोडूनच द्यायला सांगते.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पुन्हा शेंग उचलीत म्हणाली, “लई लांबून आले बाबा ते लोक. त्यांना जेवू घातलं का तुम्ही?”

मी मान खाली घातली. प्रयोग संपताच मी शेवटची गाडी गाठायला धावलो होतो; टाळ्यासुद्धा पुरत्या वाजवल्या नव्हत्या.