छेदातली मिनिटं

मी मराठी विभागात लिहिणार, हे ऐकून सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर माझी रूममेट. कारण मी पक्की कॉन्व्हेंटवाली! शाळेत मी 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' शिकले. 'अंश' आणि 'छेद' हे शब्द मला इथे हॉस्टेलवर तिने शिकवले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली, आणि एम-थ्रीला माझ्यापेक्षा २२ मार्कांनी पुढे. "वर असतो तो अंश, खाली असतो तो छेद. आणि लोक नेहमी वरचाच बघतात," इति रूममेट. हे वाक्य मी तिच्या परवानगीने ढापते आहे, कारण माझा सगळा लेख त्या खालच्या आकड्याबद्दल आहे.

विषय फुटबॉल. थांबा, लगेच पान उलटू नका!

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल कुणी शिकवावा लागत नाही, तो पेठेतच मिळतो. तालमींच्या टीम, शाहू स्टेडियम आणि मॅच संपल्यावर रात्री उशिरापर्यंत कट्ट्यावर चाललेली भांडणं. बाबांचं बोट धरून मी हे सगळं बघितलं. त्या भांडणांत एकच प्रश्न असायचा : "त्यानं गोल किती मारलं?" किती वेळात मारले, हे कुणीच विचारायचं नाही.

क्रिकेटमध्ये आपण असं करत नाही. कुणी ४० रन्स काढल्या म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "किती बॉलमध्ये?" फुटबॉलमध्ये मात्र फार तर 'इतक्या मॅचेसमध्ये इतके गोल' इथपर्यंत लोक येतात. पण मॅच हे एकक तरी सारखं आहे का? एकेकाळी होतं. १९७० पर्यंत वर्ल्डकपमध्ये बदली खेळाडूच नव्हते. एकदा मैदानात उतरलात की शेवटपर्यंत खेळायचं. म्हणून फ्रान्सच्या जुस्त फाँतेनचा हिशोब अगदी सोपा आहे. १९५८ च्या वर्ल्डकपमध्ये ६ मॅचेस, १३ गोल. ६ गुणिले ९० म्हणजे ५४० मिनिटं. भागा १३ ने. दर साडेएकेचाळीस मिनिटांना एक गोल! तोही म्हणे टीममधल्या दुसऱ्याचे बूट उसने घेऊन.

आता जर्मनीचा मिरोस्लाव क्लोजे घ्या. २००२ ते २०१४, चार वर्ल्डकप, २४ मॅचेस, १६ गोल. म्हणजे एकूण गोल फाँतेनपेक्षा जास्त. पण क्लोजेच्या २४ मॅचेसना ९० ने गुणून भागणार नाही, कारण काही मॅचेसमध्ये तो मध्येच बाहेर गेला, काहींत मध्येच आत आला. जो ८५ व्या मिनिटाला आत येतो त्याच्याही नावावर '१ मॅच' लागते, आणि जो पूर्ण ९० मिनिटं पळतो त्याच्याही नावावर '१ मॅच'च. आपल्या लॅबमध्ये असं रीडिंग घेतलं तर सर जर्नल फेकतील!

म्हणून उपाय असा की छेदात मॅचेस घालायच्या नाहीत, मिनिटं घालायची. गोल गुणिले ९०, भागिले खेळलेली मिनिटं. उत्तर येतं 'दर ९० मिनिटांमागे गोल'. किंवा उलटं करा, मिनिटं भागिले गोल, म्हणजे 'एका गोलला किती मिनिटं लागली'. बस्स. यात ना इंटिग्रेशन, ना लाप्लास. पाचवीचा भागाकार.

या भागाकाराने माणसं वेगळी दिसायला लागतात. मँचेस्टर युनायटेडचा ओले गुन्नार सोल्शायर बघा. ३६६ मॅचेसमध्ये १२६ गोल, म्हणजे तीन मॅचेसना एक. ठीकठाक, असंच म्हणाल ना? पण त्यातल्या कितीतरी मॅचेसमध्ये तो बेंचवरून उठून शेवटी शेवटी आत आला होता. २६ मे १९९९ ला बार्सिलोनात बायर्न म्युनिकविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल होती. तो ८१ व्या मिनिटाला आत आला आणि ९० मिनिटं संपल्यावरच्या जादा वेळात त्याने विजयी गोल मारला. कॅमेरूनचा रॉजर मिला १९९० च्या वर्ल्डकपमध्ये ३८ वर्षांचा होता. चार गोल मारले, चारही बदली खेळाडू म्हणून. 'मॅचेस' या छेदावर ही माणसं नेहमी थोडी लहानच दिसतात.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. जर्मन लीगमध्ये गेर्ड म्युलरने १९७१-७२ च्या सीझनला ४० गोल मारले होते. हा विक्रम पुढे ४९ वर्षं टिकला. २०२०-२१ मध्ये रॉबर्ट लेवांडोव्स्की तिथवर पोचला. शेवटच्या दिवशी, शेवटच्या मॅचच्या ९० व्या मिनिटाला त्याने ४१ वा गोल मारला. सगळे श्वास रोखून बघत होते. पण छेद बघा. म्युलरचे ४० गोल ३४ मॅचेसमध्ये होते आणि दुखापतीमुळे लेवांडोव्स्की फक्त २९ खेळला. म्हणजे १.१८ विरुद्ध १.४१. वेगाची शर्यत तो आधीच जिंकला होता. ९० व्या मिनिटाला फुटला तो फक्त बेरजेचा विक्रम.

आता कुणी हुशार म्हणेल, मग सगळं या भागाकारावरच ठरवूया. तसंही नाही हो! ६ फेब्रुवारी १९९९ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध सोल्शायर शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी आला आणि त्याने चार गोल मारले. भागाकार करा. दर ९० मिनिटांमागे १८ गोल! लेवांडोव्स्कीने २२ सप्टेंबर २०१५ ला वोल्फ्सबर्गविरुद्ध मध्यंतरानंतर येऊन ९ मिनिटांत ५ गोल मारले. फक्त ती ९ मिनिटं धरली तर दर ९० मिनिटांमागे ५०. असा माणूस पृथ्वीवर नाही. छेद लहान असला की उत्तर फुगतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

शिवाय सगळी मिनिटं सारखी नसतात. शेवटच्या १५ मिनिटांत समोरचे बॅक दमलेले असतात, ताज्या पायाच्या माणसाला मोकळी जागा मिळते. पेनल्टी मारणाऱ्याच्या खात्यात आयते गोल जमा होतात, म्हणून जाणकार पेनल्टी वगळून वेगळा हिशोब करतात. आणखी एक गंमत. बऱ्याच आकडेवारीत ९० च्या पुढची मिनिटं धरतच नाहीत. ८९ व्या मिनिटाला आत आलेला माणूस प्रत्यक्षात सहा मिनिटं पळतो आणि कागदावर एकच मिनिट दिसतो. तेव्हा हा आकडा म्हणजे निकाल नव्हे. 'या माणसाला अजून थोडा वेळ देऊन बघा' अशी ती फक्त एक शिफारस आहे.

हे मला कळलं ते गेल्या वर्षीच्या इंटर-ब्रँच टुर्नामेंटमध्ये. मुलांचीच असते ती, २५-२५ मिनिटांचे दोन हाफ. आमच्या अणुविद्युत शाखेचा स्कोअर मी लिहायचे. "तुझं अक्षर चांगलं आहे," असं कारण कॅप्टनने दिलं होतं. नुसते गोल लिहून कंटाळा आला, म्हणून मी स्टॉपवॉच लावून प्रत्येकाची मिनिटंही लिहायला लागले. फायनलच्या आधी माझ्या वहीत दोन ओळी अशा होत्या. आमचा सेंटर फॉरवर्ड, फायनल इयरचा : ५ मॅचेस, २५० मिनिटं, ५ गोल. दर ५० मिनिटांना एक. आणि डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एक अबोल मुलगा : ५ मॅचेस, सगळ्यांत शेवटी आत येऊन मिळून ४० मिनिटं, ३ गोल. दर १३ मिनिटांना एक.

हा तक्ता मी मेसच्या भिंतीवर चिकटवला. बाप रे! दोन दिवस मेसमध्ये भाजी कशी झाली यावर कुणी बोललं नाही. एक पार्टी म्हणे, "दमलेल्या टीमला कुणीही गोल मारेल." दुसरी पार्टी म्हणे, "मग तुम्ही का नाही मारले?" दोन्ही मुद्दे बरोबरच होते. शेवटी कॅप्टनने त्या डिप्लोमावाल्याला फायनलला सुरुवातीपासून उतरवलं.

सिनेमात असतं तर त्याने हॅट्‌ट्रिक मारली असती. प्रत्यक्षात मेकॅनिकलने आम्हाला २-१ ने हरवलं. आमचा एकमेव गोल मात्र त्याचा होता. त्याचा हिशोब झाला ९० मिनिटांत ४ गोल. १३ वरून २२.५ वर आला. आकडा बिघडला, पण खरा झाला. आणि तरीही टीममध्ये सगळ्यात चांगला तोच होता. गंमत बघा, सहा मॅचेस मिळून त्या मुलाला बरोबर एका खऱ्या मॅचएवढा वेळ मिळाला होता.

तक्ता भिंतीवर तसाच राहिला. एके दिवशी मेसच्या मावशी पोळ्या वाढता वाढता त्याच्यासमोर थांबल्या. वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढं समदं तू लिवलंस, मग यात तुजं नाव कुटं हाय गं?"

मी म्हटलं, "मावशी, मी खेळत नाही, मी लिहिते."

"खेळत न्हाईस, का खेळू देत न्हाईत?"

काय उत्तर देणार? रूमवर येऊन मी तक्त्याला माझी ओळ जोडून बघितली. गोल शून्य. मिनिटं शून्य. शून्य भागिले शून्य. बारावीच्या मॅथ्सला सरांनी घोकून घेतलेलं आठवलं, याचं उत्तर शून्य नसतं. ते ठरवताच येत नाही. पण व्यवहारात सगळे त्याला शून्यच समजतात. "मुलींना कुठे फुटबॉल येतो?" हे वाक्य म्हणजे तोच चुकीचा भागाकार!

आणि हा भागाकार फक्त आपल्या कॉलेजात झालेला नाही. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या कारखान्यातल्या मुलींच्या टीमची मॅच बघायला सुमारे ५३,००० माणसं आली होती. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. कारण काय, तर हा खेळ बायकांना योग्य नाही. ही बंदी सुमारे ५० वर्षं टिकली. ५० वर्षं छेदात शून्य. आणि मग विचारायचं, गोल कुठे आहेत?

१९९१ मध्ये चीनमध्ये बायकांचा पहिला वर्ल्डकप झाला, तेव्हा त्यांच्या मॅचेस ९० ऐवजी ८० मिनिटांच्या ठेवल्या होत्या. छेदाला कात्री! त्यातही अमेरिकेच्या मिशेल एकर्सने ६ मॅचेसमध्ये १० गोल मारले. म्हणजे जास्तीत जास्त ४८० मिनिटं, म्हणजे फार तर दर ४८ मिनिटांना एक गोल. फाँतेनच्या साडेएकेचाळीसच्या शेजारी ठेवा हा आकडा. किती जवळ आहे बघा! फायनलला नॉर्वेविरुद्ध १-१ असताना तिने दुसरा गोल मारला तो ७८ व्या मिनिटाला, मॅच संपायला दोन मिनिटं असताना. पुढच्या, १९९५ च्या वर्ल्डकपपासून बायकांनाही ९० मिनिटं मिळाली.

आता मुद्द्यावर येते. आपल्या ग्राउंडचं टाइमटेबल जिमखान्याच्या बाहेर लावलेलं आहे, कुणीही बघावं. संध्याकाळी ५ ते ७ फुटबॉल (मुले), रोज. रविवारी क्रिकेट (मुले). मुलींसाठी बॅडमिंटन हॉल, तोही नेट फाटलेलं. आणि ७ वाजता आमच्या हॉस्टेलची हजेरी. म्हणजे ग्राउंड रिकामं होतं तेव्हा आम्ही आत. गेल्या तीन वर्षांत मुलींच्या फुटबॉलला मिळालेली मिनिटं मी वहीत लिहून ठेवली आहेत. लिहायला फार वेळ लागला नाही.

गेल्या महिन्यात आम्ही १४ जणींनी सह्या करून अर्ज दिला आहे. पहिली सही माझ्या रूममेटची, जिने आयुष्यात कधी बॉलला पाय लावलेला नाही. "मला येतं की नाही ते मलाच बघायचंय," म्हणाली. त्या अबोल डिप्लोमावाल्याने न सांगता येऊन आम्हाला पास शिकवायचं कबूल केलं आहे. बेंचवर बसणं म्हणजे काय ते त्याला माहीत आहे ना!

जिमखान्याचे सर आणि आमच्या रेक्टर मॅडम हे मासिक वाचतात, असं ऐकून आहे. सर, आम्हाला पूर्ण ग्राउंड नको, अर्धं चालेल. रोज नको, सोमवारी आणि गुरुवारी एकेक तास. मॅडम, त्या दोन दिवशी हजेरी फक्त अर्धा तास उशिरा. आम्ही खूप गोल मारू असं वचन देत नाही. पहिल्या महिन्यात बहुतेक एकमेकींच्या पायावरच मारू. पण वर्षाच्या शेवटी आमचाही एक तक्ता मेसच्या भिंतीवर लागेल. त्यात अंश कितीही लहान असला तरी चालेल, छेदात शून्य नसेल.

बॉल एक आहे, थोडी हवा कमी आहे. गोलपोस्टसाठी विटा बांधकामावरून मिळतील. स्टॉपवॉच माझ्याकडे आहे.