घशापुरती भूल

जामबाग, हैदराबाद

ती. स्व. अण्णाकाका यांस,


पोटात दुर्बीण घालायचीच तर झोपेचं इंजेक्शन देऊनच घाला, घशात मारतात तो फवारा नुसता देखावा, असं तुमचं म्हणणं. देखावा होतो खरा, पण दोष औषधाचा नाही, घाईचा आहे. या तपासणीत काही कापत नाहीत. छळतो तो उमासा. घशाच्या मागच्या भिंतीला काही टेकलं की मेंदूची नववी नस वर्दी देते आणि दहावी घसा आवळायला लावते. फवाऱ्यातलं लिग्नोकेन ती वर्दीच अडवतं. मग जेमतेम नऊ मिलिमीटर जाडीच्या नळीसाठी, पाच-दहा मिनिटांकरता, अख्खा माणूस कशाला झोपवायचा? बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी झोप न देता केलेल्या तपासण्यांमध्ये फवारा आणि त्याच औषधाचं दाट द्रावण यांची तुलना २००९ मध्ये छापली, त्यात फवारा सरस ठरला. मात्र मारला आणि लगेच नळी आत, असं केलं तर तो कडू पाण्याच्या लायकीचा. चार-पाच मिनिटं थांबायला हवं, आणि बाहेर रांग लागली की पहिली कात्री याच मिनिटांना लागते.

तुम्ही म्हणाल, त्या बधिरपणानेच जीव घाबरतो. घाबरतो खरा. घसा सुजल्यासारखा वाटतो, लाळ गिळली की नाही तेच कळत नाही, श्वास कोंडेल असं वाटतं. पण नळी जाते अन्ननलिकेत. श्वासाची वाट मोकळीच असते. हे एक वाक्य सिस्टरने आधी सांगितलं तर निम्मं काम होतं. प्रमाणही पाळावं लागतं: दहा टक्क्यांच्या फवाऱ्याच्या एका दाबात १० मिलिग्रॅम औषध असतं, तेव्हा 'अजून दोन मारा' हा आग्रह कामाचा नाही.

झोपेला तरी कुठे भीती नाही? आपल्या शेजारच्या कोठी भागात ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन असलेल्या एडवर्ड लॉरींनी निजामाच्या पाठबळावर १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मची दोन कमिशनं चालवली. नाडी सोडा, श्वासाकडे बघा, हा त्यांचा निष्कर्ष. हृदयाबद्दल लॉरी चुकले. क्लोरोफॉर्मने ते एकाएकी बंद पडू शकतं हे १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवलं. श्वासाबद्दलची ताकीद मात्र आजच्या झोपेच्या इंजेक्शनातल्या मिडाझोलमलाही लागू आहे. त्यात दिवसभराची गुंगी, सोबतीला माणूस, वाढीव बिल. फार धास्तावलेल्याला, किंवा लांबलचक उपचार करायचा असेल तर झोप द्यावीच. त्यावर माझा वाद नाही. पण नुसतं पाहायचं असेल तर आधी घशाला संधी द्या.

डाव्या कुशीवर झोपवतील, दातांत प्लास्टिकचं कडं देतील. लाळ गिळू नका, खुशाल गळू द्या. खांदे सैल सोडा, नाकाने सावकाश श्वास घ्या. नंतर तासभर चहाचं नाव काढू नका, सुन्न घशातून घोट श्वासनलिकेत उतरतो. बधिरपणा गेला की आधी घोटभर साधं पाणी, मग चहा. आणि त्या खोलीत 'थांबा, अजून बधिर झालं नाही' म्हणायला संकोचू नका.

तुमची,
पुतणी