राणी रंगाचं देणं

साहसी खेळांच्या बोधचिन्हांना एक ठरावीक राग असतो. ओरखडलेली अक्षरं, विजेचा लोळ, काळ्यावर लाल. १९९०च्या दशकात डेव्हिड कार्सनने ‘रे गन’ मासिकाच्या पानांवर अक्षरं मोडूनतोडून मांडली. तो स्वतः सर्फर, त्याला ती मोडतोड शोभली. पुढे तोच पेहराव सगळ्यांनी चढवला. भंडारदऱ्याच्या परिसरातल्या एका लांब पल्ल्याच्या डोंगरशर्यतीची दृश्य-ओळख घडवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आयोजकांनाही गुरगुरणारा बिबट्या आणि तडकलेला कातळच हवा होता.

बोधचिन्ह, बिब, टी-शर्ट, कमानी हे सगळं आज माझ्या नावावर आहे. त्यातलं जे खरोखर चाललं, ते रतनगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतल्या वाटाड्याचं आहे. त्यांना सगळे बाबा म्हणत, मीही म्हणू लागलो.

जानेवारीत शर्यत, म्हणजे गवत वाळून सोनेरी झालेलं. मार्गखुणेच्या फितींसाठी मी दुकानात होते नव्हते तेवढ्या रंगांचे तुकडे घेऊन गेलो होतो. बाबांनी ते एकेक करून कारवीच्या काटक्यांना बांधले आणि मला ओढ्यापलीकडच्या उतारावर नेलं. “आता सांगा, काय काय दिसतंय?” नारिंगी आणि पिवळा गवतात विरघळले होते. लाल दिसत होता, पण बाबांनी तोही बाद केला. “दिस कलला की काळा पडतो ह्यो. आन् लाल-भगवं फडकं दिसलं की मानूस देवाकडं जातो.” ते खरंच होतं. त्या डोंगरांत शेंदूर फासलेला धोंडा आणि वर एखादं निशाण कुठेही भेटतं. दमलेला धावपटू खुणेच्या भरवशावर थेट देवाच्या दारात पोचला असता. निळ्याचं काय? निळी ताडपत्री वाडीतल्या घराघरावर. हिरव्याचं नाव काढायची गरज नव्हती.

राहिला राणी रंग. “समोरच्या डोंगरावर बाया लाकडाला गेल्या ना, की राणी लुगडं पैलं वळखू येतं,” बाबा म्हणाले. कारवी फुलते तीही सात वर्षांतून एकदा आणि जांभळी. तिची भीती जानेवारीत नाही.

कातळाचा करडा आणि राणी, एवढ्याच दोन रंगांवर मी सगळं उभं केलं. आयोजक बिथरले. असल्या दणकट खेळाला बायकी रंग? मी १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकचा दाखला काढला: ओटल आयखरने नाझी काळाची आठवण नको म्हणून लाल रंगाला बाजूला ठेवून फिकट निळ्यावर सगळा डोलारा उभारला होता. दाखल्याने कोणी हललं नाही. शेवटी त्यांनाही ओढ्यापलीकडे नेऊन उभं केलं, आणि चर्चा संपली.

नावाच्या अक्षरांचं श्रेय मात्र आमच्या गावच्या पेंटरकाकांना. ते एसटीच्या पाट्या रंगवायचे. ‘अक्षराच्या पोटात हवा ठेव’ एवढंच सांगायचे, आणि तेवढं पुरतं. धावत्या माणसाला जाड, पोट बुजलेला ‘घ’ आणि ‘ध’ सारखाच दिसतो. शिरोरेषेचा डोंगर करायचा मोह प्रत्येक मराठी डिझायनरला होतो. काकांच्या धाकाने मी तो आवरला.

फिती कुठे बांधायच्या हेही बाबांनीच शिकवलं. “फाट्यावर समदेच बांधत्यात. फाटा सोडल्यावर पन्नास पावलांवर बांधा. तिथं मानूस घाबरतो, बरोबर आलो का नाय म्हनून.” माझ्या ओळखपुस्तिकेत यावर एक अख्खं पान आहे, खातरजमेच्या खुणेचं. रात्रीच्या टप्प्यात रंग निरुपयोगी, म्हणून तिथे फितीवर प्रकाश परतवणारी पट्टी शिवली. एवढी एक भर माझी. बोधचिन्हात शेवटी बिबट्या आलाच नाही. गाठ मारलेली फीत आली.

बिल करताना मी ‘रंग व मार्गखुणा सल्ला’ अशी वेगळी ओळ घातली. हिशेबनीसाने विचारलं, ही कुठली संस्था? मी वाडीचं नाव सांगितलं. बाबांनी पैसे घेतले, मोजले, बंडीच्या खिशात घातले आणि विचारलं, “आन् ह्या फिती काढनार कोन? पलास्टिक जनावरं खात्यात.”

तेव्हापासून फिती सुती आहेत. शेवटच्या धावपटूमागून येणारे स्वीपर त्या सोडवून आणतात, त्या धुतल्या जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागतात. उन्हाने राणी रंग विटतो. कुठल्या फिती ठेवायच्या आणि कुठल्या बाद करायच्या हे बाबा अंगणात बसून ठरवतात. त्यात माझं मत विचारलं जात नाही.